पत्रिकामामांचा शेवटचा साठा

आमच्या अगरबत्तीच्या कारखान्यातला कच्चा माल कधी संपेल, हे गोदामात डोकावून कळायचं. पुढचा कधी येईल, हे मात्र पत्रिकामामा लग्नपत्रिका बघून सांगत. स्टोअर सांभाळणाऱ्या या गृहस्थांच्या खणात खरेदीचा एक कागद सापडेल तर शपथ! काड्यावाल्याच्या मुलीचं लग्न, कोळसेवाल्याच्या नातवाचं बारसं, काडीला मसाला चिकटवणारी जिगट पुरवणाऱ्याची वास्तुशांत, असल्या आमंत्रणांनी तो गच्च भरलेला असे. मामा सगळीकडे जात, पंगतीत कुणी आग्रह न करताच दोनदा वाढून घेत आणि येताना पुढच्या महिन्याचं नियोजन करून येत.

घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं. मिशा अजून फौजेतच होत्या. मामा स्वतः लढले ते गोदामातल्या उंदरांशी, आणि तिथेही बहुतेक वेळा हरले.

मी पुण्याहून पदवी आणि संगणक घेऊन म्हैसूरला वडिलांच्या कारखान्यात आलो. "कोळसा सात दिवसांत येतो. सरासरी काढलीय मी," मी ऐटीत म्हणालो.

"नोडप्पा, बघ बाबा, तुझ्या सरासरीच्या घरी लग्न नसतं," मामा म्हणाले. "कोळसेवाल्याच्या धाकटीची मदुवे आहे. तीन आठवडे तो मांडवातून हलणार नाही. आत्ताच मागव."

मी मागवला नाही. कोळसेवाला तिकडे नव्या धोतरात मिरवत राहिला आणि इकडे काड्या वळणाऱ्या बायका चार दिवस रिकाम्या बसून माझ्या पदवीबद्दल कन्नडमधून बोलत राहिल्या. मला कन्नड उत्तम येतं, हे माझं दुर्दैव.

"माल उशीर करत नाही रे, माणूस करतो," एवढंच मामा म्हणाले. वर माझ्याच डब्यातली चकली उचलली.

एका वर्षी दसऱ्याची सगळ्यात मोठी ऑर्डर अंगावर होती. ती चुकली असती, तर ते गिऱ्हाईक कायमचं गेलं असतं. आणि बघतो तर गोदामात छतापर्यंत काड्या, कोळसा, जिगट. पाय ठेवायला जागा नाही. मी भडकलो.

"मामा, आता कुणाचं लग्न?"

"लग्न नाही. पण हे सगळे एकदमच सुटीवर जाणार बघ."

"कशासाठी?"

"साकु रे, किती विचारतोस!" म्हणत ते छत्री घेऊन चामराजपुरमला घरी गेले.

पंधरा दिवसांत मामा वारले. डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, हे आम्हांला मागाहून कळलं. काड्यावाला, कोळसेवाला, जिगटवाला, सगळे आपापल्या गाड्या उभ्या करून त्यांच्या ओसरीवर येऊन बसले. तेराव्यापर्यंत एकानेही माल भरला नाही.

कारखाना मात्र एक तासही थांबला नाही. ऑर्डर वेळेवर गेली. ती पार पाडताना मी बन्नीमंटपच्या आमच्या शेडमध्ये अडकून पडलो होतो आणि मला म्हाताऱ्याचा भयंकर राग येत होता. मलाही त्या ओसरीवर जाऊन रडायचं होतं. सगळ्यांच्या सुटीची सोय केली त्यांनी, माझी तेवढी विसरले.