हललेला फोटो

फोटो काढण्याआधी काका समोरच्या माणसाचा चेहरा मोठ्याने वाचत. "उजवी भुवई जाड. हनुवटीला खळी. डावा कान जरा पुढे." मग "हलू नको" म्हणत आणि खटका दाबत. मुरबाडच्या त्यांच्या स्टुडिओत आमच्या अख्ख्या आळीचे फोटो निघाले आणि आळीची सगळी व्यंगं बाजारपेठेला ऐकू गेली. दहावीच्या फॉर्मसाठी मी बसले तेव्हा "दात पुढे" हे त्यांनी इतक्या प्रेमाने उच्चारलं, की बाहेर थांबलेल्या मैत्रिणींना आठवडाभर दुसरा विषय उरला नाही. तेव्हा मी काकांवर चांगलीच खार खाऊन होते.

पण एकदा वाचलेला चेहरा ते विसरत नसत. सिद्धगडाच्या पायथ्याचा कुणी म्हातारा वीस वर्षांनी दुकानात शिरला, तरी काका म्हणत, "तुमच्या लग्नाचा फोटो मीच काढला. मिशी तेवढी गेली."

पुढे मी मुंबईत मेंदूच्या एका प्रयोगशाळेत लागले. पाहिलेली गोष्ट आठवताना मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, ते आम्ही स्कॅन काढून बघतो. सुट्टीत घरी आले की काकांना हे सगळं ऐकवायचे. एकदा सहज म्हटलं, "काका, डोळे मिटा आणि आंबा आठवा. दिसतो?"

त्यांनी डोळे मिटले. "काळोख हाय," म्हणाले. "आंबा कसा असतो ते म्हाईत हाय. पन मिटल्या डोळ्यांनी कुनाला दिसतं?"

मला दिसतो, म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. चेहरा डोळ्यांसमोर येतो, ही लोकांची नुसती बोलायची पद्धत आहे, असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं.

"म्हंजे लोकांना गेलेली मानसं दिसतात?" त्यांनी हळूच विचारलं.

काकूंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. दुनियेचे फोटो काढणाऱ्या या माणसाने बायकोला मात्र "तुझा काढू नंतर" म्हणून टोलवलं होतं. तिचा एकच जुना फोटो होता, तो त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. दिवसातून दहादा काढून बघत. त्याची प्रत काढा म्हटलं, तर त्यालाही "काढू नंतर."

"फोटो खिशात ठेवला की ती गेलीच," ते म्हणाले. "मला वाटायचं, वय झालं. आता तू सांगतेस, लोकांना दिसतं. माजी मायाच कमी पडली का गो?"

काहींचा मेंदू जन्मापासूनच असा असतो, मनात चित्र उमटत नाही, त्याचा मायेशी संबंध नाही, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांना पटलं नाही. "तुज्या मशिनीत घाल मला. कळू दे काय ते." अशी माणसं आम्हाला हवीच होती, पण एका स्कॅनवरून असलं काही ठरत नाही, हे मी दोनदा बजावलं. ते दोन्ही वेळा हो म्हणाले, म्हणजे त्यांनी ऐकलं नव्हतं.

स्कॅनचं यंत्र म्हणजे मोठा लोहचुंबक, म्हणून आत जाताना खिसे रिकामे करावे लागतात. लॉकरपाशी त्यांचा हात थबकला. "कागदाला लोहचुंबक काय करतो?" काही नाही, पण नियम आहे, म्हटलं. त्यांनी फोटो आत ठेवला. सहा मिनिटं काकूंचा चेहरा आठवा, बोलू नका, डोकं हलवू नका, असं सांगितलं तर म्हणाले, "हे मला सांगतेस?"

यंत्राची धडधड सुरू झाली आणि पडद्यावरची चित्रं बिघडू लागली. सहा मिनिटांनी धडधड थांबली. मायक्रोफोनमधून काकांचा आवाज मात्र येत राहिला.

"…उजव्या कानाची पाळी फाटलेली. कपाळावर तेल उडाल्याचा डाग, तांदळाच्या दान्याएवढा. हसायच्या आधी नाक आक्रसायची. खोटं बोलली की पदर चाचपायची. भाकरी थापताना ओठ आत…"

वेळ संपली, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. आत बोलायच्या बटणावर बोट ठेवून ऐकत राहिले. मला रडू येत होतं आणि आमचे सर शेजारीच उभे होते.

बाहेर येऊन काकांनी पडदा पाहिला. "हलला की गो फोटो," ओशाळून म्हणाले.

"हलला," मी म्हटलं. "पण काका, खिसा रिकामा होता."

काकांनी चहा घेतला आणि ते मुरबाडला जायला निघाले.

संध्याकाळी पाहते तर फोटो लॉकरमध्येच. घाबरून फोन केला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "येशील तेवा आन. घाई नाय."

पंधरा दिवसांनी नेऊन दिला. त्यांनी तो तळहातावर घेतला, डोळे मिटून काही पुटपुटले, मग उघडून पाहिलं. "नाक आक्रसलेलं यात आलं नाय," म्हणाले, आणि फोटो काउंटरच्या काचेखाली सरकवला.

काका गेल्या वर्षी गेले. डोळे मिटले की मला ते दिसतात, पण अंधूक, आणि दर वेळी थोडे निराळे. मग मी मोठ्याने वाचते. डावा डोळा बारीक. मानेवर कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा वळ. शर्टाचा खिसा रिकामा.