चारही बाजूंनी खचलेली इमारत

पाचमजलीच्या नूतनीकरणाची स्मरणिका हातात आली तेव्हा तिच्या वजनानेच मी सावध झालो. आमच्या यवतमाळात ज्या मजकुरात काही नसते तो नेहमी गुळगुळीत जाड कागदावर छापतात. आरंभी इमारतीच्या नागपूरकर वारसदारांचे मनोगत, पुढे पुण्याच्या वास्तुविशारदांची सात पाने, त्यांत त्यांची स्वतःची पाच छायाचित्रे, आणि मध्येच एक वाक्य: ‘जुन्या पाहणी अहवालातील किरकोळ तांत्रिक त्रुटी वास्तुविशारदांच्या कुशाग्र दृष्टीने हेरली आणि ही ऐतिहासिक वास्तू वाचली.’

हे वाक्य खोटे आहे. त्रुटी किरकोळ नव्हती आणि ती वास्तुविशारदांनी हेरली नाही. ती कोणाची होती हे छापणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. ती माझी होती. माझ्या नावानिशी ती छापावी, आणि ती दाखवून देणाऱ्या बाईचे नाव तिच्याशेजारी छापावे, अशी माझी लेखी मागणी होती. ती धुडकावली गेली, म्हणून हे लिहिणे आले.

पाचमजली ही इंग्रजी अमलातील कापूस व्यापाऱ्यांनी बांधलेली इमारत. तळमजल्यावर वजनकाटा आणि दलालांच्या पेढ्या, मधल्या तीन मजल्यांवर रुईच्या गाठी, सर्वांत वर मालकांचे बिऱ्हाड. कळंबकडून येणाऱ्या एसटीतून शहराचे पहिले दर्शन कित्येक वर्षे हेच होते. मुंबईच्या माणसाला पाच मजल्यांचे काय कौतुक? पण आमच्याकडे गगनचुंबी म्हणायला तेवढेच होते आणि आम्ही ते निःसंकोच म्हणत असू.

पुढे कापसाचे दिवस फिरले. जिनिंगची धुराडी एकेक करून थंडावली, गाठी येईनाशा झाल्या आणि वरचे मजले कबुतरांनी घेतले. त्या वर्षांत बाहेरून वार्ताहरांच्या मोटारी येत. जिल्ह्याचे दुःख दोन दिवसांत टिपून परत जायचे असल्यामुळे त्यांना सोयीचे चित्र हवे असे, आणि पाचमजली रस्त्यालगतच होती. तिला कोणी ‘कापसाचे थडगे’ म्हटले, कोणी ‘वैभवाचा सांगाडा’. आत पाऊल मात्र एकानेही टाकले नाही. मी टाकले होते, पण माझे टाकणेही त्यांच्या न टाकण्याच्याच लायकीचे निघाले.

मी तेव्हा बांधकाम कचेरीत ओव्हरसियर होतो. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कचेरीतल्या. कागदावर उतरले ते झाले, अशा समजुतीत मी वाढलो. पाचमजलीची पाहणी करण्याचा हुकूम भर मे महिन्यात आला. बहुतेक दालनांना कुलुपे होती आणि किल्ल्या नागपुरात. तिसऱ्या मजल्यावरचे उत्तरेचे एक दालन उघडे सापडले. तिथे मी फरशीवर काचेची गोटी ठेवली. ती गडगडत उत्तरेच्या भिंतीला जाऊन लागली. मी तीनदा ठेवली, तीनदा तेच झाले. ‘इमारत उत्तरेकडे खचत असून मनुष्यवस्तीस धोकादायक आहे,’ असे मी सुवाच्य अक्षरात लिहिले, सही केली आणि जेवायला घरी गेलो.

तो कागद फाइलीत निजून राहिला. मी निवृत्त झालो. त्यानंतर पाचमजलीवर दोन पक्षांची नजर गेली. एक स्थानिक कंत्राटदार, ज्याला ती पाडून काचेचे संकुल उभारायचे होते. आणि दुसरे हे पुण्याचे वास्तुविशारद, ज्यांना ती राखून खाली दुकाने, मध्ये अभ्यासिका आणि कचेऱ्या, वर राहती घरे अशी ‘हरित’ रचना करायची होती. पाडायची की राखायची याची सुनावणी लागली, तसा कंत्राटदार माझा कागद शोधून काढून घरी आला.

“काकाजी, पूर्ण गावात तुमच्याएवढा अनुभव कोनाले आहे? तुमी फक्त या न् म्हना, सही माही आहे. बाकी मी पाहून घेतो.”

मला बरे वाटले. ते लपवण्यात अर्थ नाही. निवृत्तीनंतर माझ्या सहीची आठवण काढणारा तो पहिला माणूस होता.

सुनावणीच्या आदल्या दुपारी, आपलाच शब्द पुन्हा एकदा डोळ्यांखाली घालावा म्हणून मी पाचमजलीवर गेलो. पायऱ्यांशी एका बाईची चहाची टपरी होती. गाठींच्या काळात ती याच इमारतीत रुई वेचायला आणि मजले झाडायला होती. काम बंद पडल्यावर तिने तिथेच चूल मांडली. इमारत पडली तर टपरीही जाणार, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. कशाला आलो ते मी सांगितले. ती हसली.

“खचली म्हनता? कोन्या बाजूनं?”

“उत्तरेकडे. मी स्वतः मोजलं आहे.”

“मंग दक्षिनेकडच्या खोलीत गोटी कुकडे गेली?”

“तिथे कुलूप होतं.”

“आता तं कुलुपं तुटले. चाला.” तिने पाण्याने भरलेले पितळी गुंड उचलले. “तुमाले दाखोतो, आमची इमारत चारई बाजूनं कशी खचली ते.”

तिसऱ्या मजल्यावर तिने दक्षिणेच्या दालनात पाणी ओतले. ते दक्षिणेच्या भिंतीकडे धावले. पूर्वेच्या दालनातले पूर्वेला गेले, पश्चिमेचे पश्चिमेला. प्रत्येक भिंतीच्या पायथ्याशी वीतभर लांबीची मोरी होती. ती मी त्या मे महिन्यातही पाहिली होती आणि उंदरांसाठी असावी असे समजलो होतो.

“आग लागे न साहेब,” ती म्हणाली. “रुईची आग दिसत नाई, आतल्या आत जयते. मंग वरतून पानीच पानी मारा लागे. ते पानी थांबलं तं रुई पिते, फुगते, भारी होते, अन् मजला खाली येते. म्हनून उतार. खाली हौद आहे, पानी तिथं जाते. हे तं लहान पोरालेई मालूम होतं.”

“मग मी आलो तेव्हा सांगितलं काहून नाही?”

“तुमी वरतं होते, मी खाली टपरीवर चहा करून राह्यलती. मले इचारलं कोनं?”

कोणतीही इमारत एकाच वेळी चार दिशांना खचत नाही, हे समजण्यासाठी अभियांत्रिकी शिकावी लागत नाही. मी शिकलो होतो. राग मला तिचा आला, हेही नोंदवून ठेवतो. आपल्या चुकीचा राग माणसाला आधी दुसऱ्याचा येतो. जिना उतरेपर्यंत तो योग्य पत्त्यावर पोचला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत कंत्राटदाराने माझा अहवाल उंच धरला. अधिकाऱ्यांनी विचारले, “ही सही आपलीच?”

“माझी. अहवालही माझा. आणि तो साफ चूक आहे.”

“काकाजी,” कंत्राटदार म्हणाला, “उन्हात पायी आले काय?”

सभागृह हसले. कचेरीतले माझे जुने सहकारी सर्वांत मोठ्याने हसले. त्यांची गोटी कधी कोणी तपासली नव्हती. मी उताराचे, मोऱ्यांचे आणि हौदाचे सर्व सांगितले. कोणाकडून कळले, तेही सांगितले. अधिकाऱ्यांनी लेखी मागितले. मी तिथेच अहवाल मागे घेणारा कागद लिहून दिला.

आता त्या कुशाग्र दृष्टीविषयी. वास्तुविशारद शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यांच्या मांडीवरच्या नकाशांत मधले तिन्ही मजले सिमेंट ओतून सपाट करायचे होते आणि उत्तरेचा पाया बळकट करायचा होता. म्हणजे खचण्यावर त्यांचाही माझ्याइतकाच विश्वास होता. फरक इतकाच, की मी निदान एक गोटी तरी ठेवली होती. मी बोलत असता ते अशी मान हलवत होते, जणू मी त्यांचाच धडा पाठ म्हणून दाखवतो आहे. महिन्याभरात नवे नकाशे आले. त्यांत उतार कायम, मोऱ्या कायम, हौद उपसून त्यात पावसाचे पाणी, आणि या सगळ्याला नाव ‘पारंपरिक जलनियोजनाचा पुनःशोध’. ज्याचा शोध टपरीवर चहा गाळत होता, त्याचा पुनःशोध पुण्यात लागला.

काम चांगले झाले आहे, हे मी नाकारत नाही. जाड भिंती आणि मधला हवेचा चौक राखल्यामुळे मे महिन्यातही अभ्यासिकेत पंख्यावर भागते. उमरखेड, फुलसावंगीकडची मुले तिथे परीक्षांचा अभ्यास करतात. उन्हाळ्यात शहराचे नळ कोरडे असताना पाचमजलीची घरे हौदाच्या पाण्यावर निभावतात. चांगल्या कामाच्या श्रेयाची वाटमारी मात्र मला सहन होत नाही.

कारण काम पुरे होताच ती टपरी हटवली गेली. ‘दर्शनी भागाच्या सौंदर्यास बाधा.’ तळमजल्यावरचा एक गाळा ‘वास्तूच्या जतनात योगदान देणाऱ्या व्यक्तीसाठी’ राखावा, असा नूतनीकरण समितीचाच ठराव आहे. मी बाईंचा अर्ज लिहून दिला. उत्तर आले: स्मरणिकेत अशा योगदानाचा उल्लेख आढळत नाही. मी स्मरणिकेच्या संपादकांकडे गेलो. ते निवृत्त प्राध्यापक, अत्यंत मृदू बोलणारे.

“अहो साहेब, तिचं नाव घालायचं तर तुमची चूकही घालावी लागेल. आम्ही तुमचीच अब्रू राखली.”

“मी ती तुमच्याकडे ठेवायला दिली नव्हती.”

“पण आता छापून झालं ना.”

“खोटं छापून झालं की खरं होतं, हे आपण मुलांना शिकवत होता काय?”

त्यांनी चहा मागवला. मी तो घेतला नाही.

तेव्हा समितीकडच्या अर्जाला जोडायचा साक्षीचा कागद म्हणूनच मी वरील मजकूर लिहिला आणि काल बाईंच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून सगळा ऐकला. शेवटी म्हणाल्या, “हे सगळं बराबर नाई.”

“कुठे चुकलं?”

“मी हसली नवती. मले राग आलता. माही टपरी जाऊन राह्यली अन् मी हसन?”

“तुम्ही हसलात. मला स्पष्ट आठवतं.”

“अन् पानी मी नाई ओतलं. तुमी ओतलं. मी गुंड धरून उभी होती. तुमचे जोडे भिजलते.”

“बाई, पाणी तुम्ही ओतलंत.”

“तुमी ओतलं.”

अर्धा तास हेच चालले. ओट्यावरची माणसे आळीपाळीने दोन्ही बाजू घेऊ लागली. माझी स्मरणशक्ती या वयातही शाबूत आहे आणि माझा मजकूर मी बदललेला नाही. पण त्यांचे म्हणणे खाली लिहिल्याखेरीज त्या सही करायला तयार होईनात, म्हणून ते लिहिले आहे: त्या हसल्या नव्हत्या, आणि पाणी मी ओतले. त्याखाली त्यांनी सही केली, एकेक अक्षर सावकाश. मग कागद मला परत दिला.

“समितीवाले वाचतीन काय हे?”

“उद्या मी स्वतः घेऊन जातो. ते वाचेपर्यंत तिथून उठत नाही.”

“मंग मीई येतो,” त्या म्हणाल्या. “नाई तं तुमी तिथंई सांगान का मी हसली.”