हाराला न बसणारे फोटो

३ मार्च २०२४, रविवार. ऊन तापू लागलं. सकाळी नळ आला, दोन्ही टाक्या भरून घेतल्या. दुपारी शिवकन्या वर आली. चहा पुढे ठेवला, तो तसाच निवला. म्हणाली, फोटोंचं पुस्तक काढणार. गावाकडच्या बायांचं.

शिवकन्येचा फोटो स्टुडिओ जालन्यात, मस्तगडला, आमच्या घराच्या खालच्या गाळ्यात आहे. ती मूळची टेंभुर्णीची. माहेरी मेंढरं. वडील वारले; आई सोनूबाई अजून गावातच थोडी मेंढरं राखून आहेत. दहावीनंतर शिवकन्या जालन्याला मामाकडे राहिली आणि फोटोचं काम शिकली. नवरा शिवाजी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो, गाळा ती सांभाळते.

तिचं नाव झालं ते हाराच्या फोटोंमुळे. घरात कुणी गेलं की दहाव्याच्या आत भिंतीवर लावायला मोठा फोटो लागतो, आणि बहुतेक घरांत तो नसतो. मग लोक कुठल्याशा लग्नातला घोळक्याचा फोटो आणतात आणि त्यावर बोट ठेवतात. शिवकन्या कॉम्प्युटरवर तेवढा चेहरा अलग करते, मागे निळा रंग भरते. ज्याने जन्मात कोट घातला नाही त्याला कोट चढवते. सवाष्ण गेलेल्या बाईला ठसठशीत कुंकू लावते. आमच्या ह्यांचा फोटो तिनेच केला, ऑफिसच्या निरोपसमारंभातल्या फोटोवरून. ह्यांच्या खांद्यावर कुणा साहेबांचा हात होता. तो तिने असा काढला की शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही.

त्या रविवारच्या आठवडाभर आधी तिचा चुलतभाऊ राधाकिसन गावाहून आला होता. त्याची आई आशाबाई गेली होती आणि हातात फक्त तिचं आधार कार्ड होतं. मी तेव्हा गाळ्यातच बसले होते.

"अक्का, कसा बी कर. भिंतीला लावायचा हाय नुस्ता."

"आरं, तुझ्या लग्नात दिवसभर मी फोटो काढले. काकी एकात बी कशी न्हाई? कुठं व्हती?"

"सैपाकात," राधाकिसन म्हणाला.

शिवकन्येने त्या कार्डावरून जमेल तेवढं केलं. चेहऱ्यावर डोळे असे होते की जणू बाईला कुणी पकडून आणलंय. ते काही तिला बदलता आले नाहीत. त्यानंतर आठवडाभराने ती वर आली आणि चहा निववला.

"मेल्यावरचे फोटो लई केले काकू. आता जित्या बायांचे काढते. साठीच्या पुढच्या, एकेकीचा एकटीचा. अन् येत्या संक्रांतीला वाण म्हणून पुस्तक परत्येकीच्या हातात."

"विधवांनाही?" मी विचारलं.

"पुस्तकाला काय कुंकू लावायचं हाय व्हय?"

शिवाजीला हसू आलं. "आगं, फोटोचं पुस्तक पुण्या-मुंबईवाले काढतेत."

"मंग टेंभुर्णीचं टेंभुर्णीवाली काढंल," ती म्हणाली, आणि पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन एसटीत बसली. मीही सोबत गेले.

पहिला फोटो दैवशालेचा. ही सोनूबाईंची शेजारीण. कसं बसवायचं ते मीच सुचवलं. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर फोटोला बसवायच्या तसं: पाठ ताठ, हात मांडीवर, तोंड मिटलेलं, उजेड खिडकीतून. फोटो अतिशय सुरेख आला. दैवशालेने कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं आणि ओरडली, "आगं माय माय! ह्यो तर हाराचा हाय!"

तासाभरात गावभर झालं की सोनूबाईची लेक हाराचे फोटो आगाऊच काढून ठेवतेय. आम्ही गल्लीत शिरलो की बाया दाराआड जायच्या. एकीने आतूनच विचारलं, "माझी तारीख कोन्ती धरली गं?"

सोनूबाई मात्र दाराआड गेल्या नाहीत. अंगणात उभ्या राहून बोलल्या.

"गाव मला इचारून राह्यलं, तुझी लेक आमच्या मरणाची वाट बघती का? काय सांगू? तुझा धंदाच मेलेल्याचा. माझा फोटो काढायचा न्हाई. मी गेल्यावर आधार कार्ड घे, आशीचं घेतलं तसं."

परतीच्या गाडीत शिवकन्या कॅमेऱ्यात दैवशालेचा फोटो बघत बसली. मध्येच म्हणाली, "काकू, हाराला कसा फोटो लागतो? तोंड मिटलेलं, नजर म्होरं, मागं काई न्हाई, जोडीला कोन न्हाई. बराबर?"

"बरोबर."

"मंग समदं उलटं करते. कुनी म्हणलं तरी हाराला बसणारच न्हाई असा काढते."

पुढच्या खेपेला दैवशालेला तिने बसवलंच नाही. दैवशाला कोंबड्यामागे धावत होती. शेवटी तो सापडला, तिने काखोटीला मारला आणि त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोटो. समोरचे दोन पडलेले दात, कोंबड्याचे पसरलेले पंख, मागे वाळत घातलेली गोधडी. दैवशालेने तो पाहिला आणि हसून हसून खाली बसली. "ह्येला हार घालून दाखवा कुनी!"

मग गावाचंही उलटं झालं. बेबीनंदाने मिश्री लावतानाचा काढून घेतला, बोट दातांत आणि डोळे कपाळाला. पिठाच्या गिरणीवाली आजी पांढरीफटक होऊन शिंकतानाची आली. एक जण बोरीच्या झाडाखाली काठी उगारून उभी, डोक्यावर बोरांचा पाऊस. बाया आता स्वतः हाका मारायच्या. "ए शिवकन्ये, दैवशालीपेक्षा माझा वंगाळ काढ बरं का!"

दिवाळीपर्यंत सगळ्यांचे झाले. राहिलं फक्त पहिलं पान. ते तिने आईसाठी ठेवलं होतं, आणि आई काही केल्या ऐकत नव्हती. डिसेंबरात छापखान्यातून निरोप आला: पानं याच आठवड्यात द्या, नाहीतर संक्रांतीला पुस्तक मिळायचं नाही.

मी म्हटलं, "दुसरा एखादा फोटो लाव. आईंना पुढे समजावू."

"माय नसंल तर पुस्तकच न्हाई," ती म्हणाली. "राधाकिसनला मी 'कुठं व्हती' म्हणून इचारलं. उद्या मला कुनी इचारलं तर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा टेंभुर्णीला गेलो. या वेळी तिने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. नमुन्याची छापील पानं आईपुढे ठेवली आणि चहा करायला आत गेली. सोनूबाई आधी नुसत्या बघत राहिल्या. मग एक पान उचललं, दुसरं उचललं. गिरणीवालीला हसल्या. दैवशालेच्या पानावर थांबल्या. दोघींचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं; सोनूबाईंच्या मेंढरांतल्या एडक्याने दैवशालेची मेथी खाल्ली होती, तेव्हापासून.

"हिला अख्खं पान?"

"व्हय," शिवकन्या आतून म्हणाली.

"कोंबड्याला अख्खं पान? त्या मरतुकड्याला?"

"कोंबडा झकास आलाय, माय."

सोनूबाई उठल्या. पदर खोचला, गोठ्याकडे गेल्या आणि एडक्याला शिंगाला धरून अंगणात ओढू लागल्या. एडका यायला तयार नव्हता. तो मागे जाई, या पुढे ओढत. एक चप्पल निसटून उकिरड्याजवळ जाऊन पडली. शिवकन्या चहा टाकून कॅमेऱ्याकडे धावली.

"काढ की जल्दी!" सोनूबाई ओरडल्या. "ह्यो काय तुझा बाप हाय का, मी म्हणलं की गप उभा राह्यला!"

शिवकन्येचा हात हसण्याने हलला. फोटोत एडक्याचं डोकं थोडं पुसट आहे. सोनूबाई मात्र लख्ख आहेत, तोंड उघडं, नजर थेट लेकीवर. ती पुसट जागा कॉम्प्युटरवर नीट करता आली असती. तिने केली नाही.

संक्रांतीआधीच्या रविवारी, बारा जानेवारीला, मारुतीच्या देवळापुढे सगळ्या बाया जमल्या. शिवाजीने गठ्ठे उतरवले, शूटिंगही केलं, फुकट. शिवकन्येने तिळगुळाबरोबर एकेकीला पुस्तक दिलं. सवाष्ण, विधवा असा फरक केला नाही, आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही. मलाही दिलं. हे गेल्यापासून माझ्या हातात आलेलं ते पहिलं वाण. सरपंच बोलायला उभे राहिले तर बाया ऐकेचनात, पानं दाखवण्यात गुंग. शेवटी त्यांनी शिवकन्येलाच बोलायला सांगितलं.

ती म्हणाली, "ह्यातला एक बी फोटो हाराला चालणार न्हाई. समद्या बाया जित्या हाएत." आणि बसली.

राधाकिसन मागे उभा राहून एकेक पान उलटत होता. त्याची आई त्यात नव्हती. तरी त्याने पुस्तक शेवटपर्यंत पाहिलं आणि शर्टाच्या आत ठेवून घरी नेलं.

सोनूबाई सगळ्यांत पुढे बसल्या होत्या, पहिलं पान उघडून. दैवशाला शेजारी येऊन टेकली.

"एडका पुसट आला गं तुझा."

"पळून राह्यल्ता म्हणून. तुझा कोंबडा उपाशी हाय का? बरगड्या दिसून राह्यल्या."

दोघी तिथेच दुपारपर्यंत भांडत बसल्या. निघताना सोनूबाईंनी माझ्या पिशवीत हुरडा ओतला.

त्या संध्याकाळी डायरीत लिहिलं: हुरडा वाटून थालीपीठं केली. पीठ सैल झालं, पहिलं तव्याला चिकटलं.