कान हलला नाही

घोड्याच्या खुराला नाल ठोकताना नालबंद खुराकडे कमी आणि घोड्याच्या कानाकडे जास्त बघायचा. खिळा जिवंत मांसाजवळ गेला की कान हलतो, आणि कान हलला की खिळा बाहेर. तीस वर्षांत या शास्त्राने त्याला कधी दगा दिला नव्हता. त्याला त्याचा एवढा ताठा होता, की घरी बायकोशी बोलतानाही तो तिच्या कानाकडे बघायचा.

रायडिंग क्लबातली तांबडी घोडी दोन वर्षं पुढच्या डाव्या पायाने लंगडत होती. जाड नाल झाले, पातळ नाल झाले, औषधं झाली, विश्रांती झाली. शेवटी डॉक्टरांनी त्या पायाच्या टाचेकडे जाणारी नस कापली. जखम भरली आणि घोडी सरळ धावली. डॉक्टर बजावून गेले, "खुरातला आजार आहे तिथेच आहे. फक्त तिला तो कळणार नाही. रोज पाय उचलून बघत जा." सेक्रेटरीसाहेबांना यातलं 'धावली' एवढंच ऐकू आलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'घोडी ठणठणीत.' गळक्या छपराची तक्रारवही हरवली, तेव्हाही छप्पर दुरुस्त झाल्याचं त्यांनी असंच जाहीर केलं होतं.

रविवारी क्लबातल्या मुलींची स्पर्धा होती, म्हणून बुधवारी नालबंदाने तिला नवे नाल ठोकले. डाव्या पायाचा शेवटचा, टाचेकडचा खिळा जरा आत गेल्यासारखा वाटला. त्याने कान पाहिला. कान ढिम्म. "शहाणी झाली गं बाई माझी!" म्हणत त्याने घोडीची पाठ थोपटली, खरं तर स्वतःचीच.

शनिवारी सकाळी जिना उतरताना त्याचा गुडघा कळवळला. "आई गं!"

"ओरडता म्हणून कळतं तरी, कुठं दुखतंय ते," बायको भांडी पुसता पुसता म्हणाली.

नालबंद पायरीवरच थबकला. अरे गाढवा, जिची नस कापली तिच्या कानाला तू विचारलंस?

तसाच लंगडत त्याने क्लब गाठला. खूर हाताला चटका देत होता. खिळा उपसला तर मागोमाग पू आला. घोडी मजेत गवत चघळत होती. नालबंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, खिळा चुकला. माझाच," तो सेक्रेटरीसाहेबांना बोलावून म्हणाला.

"लंगडते का?"

"नाही."

"मग उद्या धावेल. दुसरा ठोका."

"पाय सडेल, साहेब. धावता धावता कोसळली, तर वर बसलेल्या पोरीची मान मोडेल."

"घोडीला काही वाटत नाही, मग तुम्हालाच कशाला एवढं वाटतंय?"

नालबंदाने पुढच्या दोन्ही पायांचे नाल उचकटले आणि पिशवीत टाकले. बिननालाच्या घोड्याला मैदानात प्रवेश नाही, हा नियम सेक्रेटरीसाहेबांनीच सही करून फाटकावर लावला होता.

"उद्यापासून इथं पाऊल ठेवायचं नाही!" साहेब असे कडाडले, की घोडीचे दोन्ही कान मागे गेले.

"बोलली बघा," नालबंद म्हणाला. मग तिचा पाय मिठाच्या कोमट पाण्याच्या बादलीत धरून, दुखरा गुडघा टेकून, तो तिथेच बसून राहिला.