करवंदाच्या सालीचा रंग

आमच्या गावच्या, दाभोशाच्या रानातली करवंदं आत्यानेच वेचून दिली होती. त्यांच्या सालीतला रंग काढून तो कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायचा, हे माझं संशोधनाचं काम. नाशिकच्या प्रयोगशाळेत पहिल्याच खेपेला जवळजवळ सगळ्या पेशी मेल्या. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. "परिषदेसाठी पोस्टर करायला घे," म्हणाले.

मला मात्र ते पटेना. रंग थेंबभर घातला काय, भरपूर घातला काय, पेशी सारख्याच मेल्या होत्या. पण सरांना विचारायचा धीर झाला नाही.

त्याच आठवड्यात गावी गेले. आत्याचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, गोळ्या चालू होत्या. मी तिला मोबाइलवर मेलेल्या पेशींचे फोटो दाखवले. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"करवंदानं ह्यो रोग मरतो?"

"काचेतल्या पेशी मेल्यात, आत्या."

"आमी तं जन्मभर करवंदं खाल्ली. मंग मला कसा झाला?"

परतताना एसटीत प्रयोगाची एकेक पायरी आठवून पाहिली. रंग ज्या द्रावकात विरघळवला होता, ते नुसतं द्रावक आम्ही पेशींवर कधी घालून पाहिलंच नव्हतं. सरांना न सांगता ते केलं. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर रंगाचा थेंबही न मिळालेल्या पेशी आक्रसून गेलेल्या.

"तुझ्या हातून द्रावक जास्त पडलं असेल," त्या पेशी दाखवल्यावर सर म्हणाले.

"पडलंच होतं, सर. प्रत्येक खेपेला, रंग कमी असो की जास्त, सगळीकडे तेवढंच."

पोस्टर थांबलं. द्रावक कमी करून पुन्हा केलं, तेव्हा रंगाचा परिणाम दिसला तो नावापुरता. पुढे कितीतरी दिवस सर माझ्याशी कामापुरतंच बोलत.

आत्याला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बोललीस. शेजारीण विचारीत व्हती, करवंदं किती उकळायची म्हणून. तिच्या नवऱ्याच्या गळ्याला गाठ आलीय."

रविवारी गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नवराबायकोला घेऊन जीपने जव्हारच्या दवाखान्यात निघाले.

"तूच का ती करवंदाचं औषध काढणारी?" शेजारणीच्या नवऱ्याने वाटेत विचारलं.

"औषध नाही निघालं, काका."

तरी दवाखान्याच्या रांगेत नंबर येईपर्यंत तो माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडेच बघत बसला, जणू औषध तिच्यातच होतं.