साडूभाऊंचा लाल टॅग

माझ्या थोरल्या साडूंनी आजवर एकही वस्तू, एकही पदार्थ आणि एकही माणूस तपासल्याशिवाय पास केलेला नाही. त्यात मीही आलो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडून जी मंडळी मला बघायला आली, त्यांत हे होते. बाकीच्यांनी पगार विचारला, गावाकडची शेती विचारली. यांनी मला उभं केलं, दोन पावलं चालवलं, हात पुढे करायला लावून बोटं बघितली आणि सासऱ्यांना बाजूला घेऊन, पण मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उजवा खांदा जरा उतरता हाय. पण चालंल. डेव्हिएशनवर पास करा." म्हणजे मालात थोडी खोट आहे, पण गिऱ्हाइकाची हरकत नसेल तर घ्यावा. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली. अजून आमचं काही वाजलं की बायको शांतपणे एवढंच म्हणते, "दाजींनी तेव्हाच सांगितलं होतं."

लातूरकडून पोटासाठी भोसरीला आलेला हा माणूस तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका गिअरच्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्टर होता. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एक दातेरी चाक गेटबाहेर पडलं नाही. त्यांची हत्यारं दोन: खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर आणि कमरेला टॅगचं बुक. दोरी ओवलेले पुठ्ठ्याचे टॅग. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे नजर ठेवा, लाल म्हणजे काम बंद. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं घड्याळ दिलं, तर ते त्यांनी परत केलं आणि त्याच्या बदल्यात टॅगची बुकं मागून घेतली. म्हणाले, "वेळ बगून काय करू आता? खोट तर रोजच दिसणार." तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांच्या घरांवर संकट आलं. आमच्या मिक्सरला पिवळा टॅग लागला. बायकोच्या बेसनलाडवांना व्हर्निअर लागला आणि "एका ताटात चार साईज निघायल्यात" असा शेरा मिळाला. एकदा मी नोकरी करतो त्या आकुर्डीच्या कॉलेजचे प्राचार्य घरी आले. त्यांनी खुर्ची ओढली, तर पाठीला लाल टॅग लोंबत होता. बिचारे उभ्यानंच चहा प्यायले. ते गेल्यावर मी रागानं टॅग उपटून फेकला, त्याच खुर्चीत बसलो, आणि पुढचे पंधरा दिवस माकडहाडाला शेकत होतो. बघायला आले तेव्हा साडूभाऊंनी औषधपाण्याची चौकशीसुद्धा केली नाही. "पाव्हणं," ते म्हणाले, "लाल टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा असतो. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. ह्यो कायदा हाय."

हा कायदा नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं.

भोसरीत त्यांच्या घरापासून चार पावलांवर पालिकेची शाळा आहे. कारखान्यांत राबायला आलेल्यांची पोरं तिथं शिकतात. मराठवाड्याची, खानदेशाची, कोकणातली, सगळी एका बाकावर. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला वस्तीतल्या चार वडीलधाऱ्यांना बोलावतात, तसं साडूभाऊंनाही बोलावलं होतं, आणि सुट्टी म्हणून मीही बरोबर होतो. कार्यक्रमाला वेळ होता. लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मी पेपर चाळत होतो, आणि साडूभाऊ बघत होते. थोड्या वेळानं मला कोपरानं ढोसून म्हणाले, "पोरी जोडीजोडीनं कामून जायल्यात तिकडं?" मी पाहिलं. मैदानाच्या कडेला मुलींचं स्वच्छतागृह होतं. एक मुलगी आत जायची आणि दुसरी बाहेर दाराला पाठ लावून उभी राहायची. मग दोघींची अदलाबदल. मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं तर त्या ओशाळल्या. कडी तुटून वर्ष झालं, प्रस्ताव पाठवलाय, म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरीच जातात. काही परत येतच नाहीत. सातवीच्या दोघींची नावं घरच्यांनी काढून नेली."

झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, गोळ्या वाटून झाल्या. मग साडूभाऊ तडक त्या दाराशी गेले आणि कडीच्या भोकात दोरी ओवून लाल टॅग बांधला. त्यावर लिहिलं: 'दोष - दार बंद होत नाही.' खाली सही. मला हसू आलं. त्यांना आलं नाही. परतताना, मी न विचारता म्हणाले, "माझी बहीण चौथीतनं काढली घरच्यांनी. कामून काढली, ते कुणी तिला इचारलं बी न्हाई. मी बी न्हाई इचारलं." वीस वर्षांत त्यांच्या बहिणीबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य होतं. मी पडलो कॉलेजातला कारकून, कारकुनाला सुचेल ते बोललो. "कडीच ना? मी उद्या आणून देतो."

"पाच वेळा 'का' इचारल्याबिगर दुरुस्तीला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी विचारूनच आले. कडी का तुटली? चौकट कुजली म्हणून. चौकट का कुजली? भिंतीत ओल म्हणून. ओल का? वरची टाकी गळते म्हणून. टाकी का गळते? तिला आधाराचा कट्टा नाही, ती एका अंगाला कलली आहे म्हणून. कट्टा का नाही? इथं मात्र गाडी अडली, कारण पाचव्या 'का'चं उत्तर शाळेत नव्हतं, पालिकेत होतं. एका कडीवरून आम्ही कट्टा, टाकी, भिंत, चौकटी आणि स्वच्छतागृहाच्या तिन्ही दारांपर्यंत आलो. वस्तीतल्या बायकांनी मग डोकं लढवलं. शाळेच्या मैदानात एका रविवारी खाद्यजत्रा भरवायची, ज्या गावची बाई त्या गावचा पदार्थ, आणि जमेल ते शाळेला द्यायचं. पण मांडव, खुर्च्या, वीज, पाणी यालाच इतका खर्च, की धपाटी विकून तोच भागला असता. तेवढं पालिकेनं द्यावं असा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चार वेळा लिहिला. तीन वेळा साडूभाऊंनी तो रिवर्कला, म्हणजे पुन्हा करून आणायला, पाठवला.

क्षेत्रीय कार्यालयात एक अधिकारी मॅडम होत्या. चाळिशीच्या, दमलेल्या, पण माणूस म्हणून सरळ. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काका, मला जरा समजावून सांगा. शाळा पालिकेची. दार पालिकेचं. तुम्ही पालिकेकडूनच पैसे घेणार, जत्रा भरवणार आणि पालिकेलाच दार लावून देणार. मग पालिकेनं सरळ दारच का लावू नये?"

"लावा की," साडूभाऊ म्हणाले. "आमी जत्रा रद्द करतो."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की दार स्थापत्य विभागात येतं आणि त्यांची यंदाची तरतूद संपली आहे. जत्रा लोकसहभागात येते आणि तिथं तरतूद शिल्लक आहे. म्हणजे दाराला पैसे नव्हते, दारासाठी जत्रा करायला होते. तरी त्यांचा हात सहीपाशी थबकला. "पैसे गोळा करायला पैसे द्यायचे, हे वर कसं सांगू मी?"

"मॅडम, घरी दही लावता का?" साडूभाऊंनी विचारलं. त्या चमकल्या. "लावते की."

"मग दही लावायला काय लागतं? दहीच लागतं. आमी पातेलं मागत न्हाई. दूध आमचं हाय. तुमी चमचाभर विरजण द्या."

मॅडम हसल्या आणि त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर मी कौतुक करायला गेलो, तर साडूभाऊ म्हणाले, "बाईच्या टेबलाचा पाय हलायलाय. पिवळा लावायचा राहिला."

जत्रेचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. कारखान्याचा नियम असा, की पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय मशिन पुढे चालवायचं नाही. तो नियम साडूभाऊंनी जत्रेला लावला. प्रत्येक दुकानाचा पहिला पदार्थ त्यांच्या तोंडातून पास झाल्याशिवाय विक्री सुरू नाही. धपाटी, मांडे, सोलकढी, शेवभाजी, ठेचा, झालंच तर एका हौशी बाईंचा चायनीज भेळेचा प्रयोग. माणसं रांगेत ताटकळली आणि हे चावत चावत पुढे सरकत होते. वड्यांसाठी तर त्यांनी बायकोच्या, म्हणजे आमच्या माईंच्या, दोन बांगड्या आणल्या होत्या. मोठ्या बांगडीतून वडा आरपार गेला पाहिजे, लहानीतून जाता कामा नये. पहिल्या घाण्याचे निम्मे वडे रिजेक्ट झाले. माईंनी ते मुकाट्यानं उचलले, पलीकडच्या टोकाला नेले आणि 'घरगुती साईज' म्हणून दोन रुपये जास्त लावून विकले. ते सगळ्यांत आधी संपले. साडूभाऊंना हे आम्ही आजतागायत सांगितलेलं नाही.

खरा घोळ दहा वाजता झाला. मॅडम पाहुण्या म्हणून येणार होत्या आणि त्या यायच्या दहा मिनिटं आधी साडूभाऊ स्टेज तपासायला गेले. स्टेजचा एक पाय विटेवर होता. त्यांनी लाल टॅग लावला. मांडववाला हातापाया पडला. "काका, पाच मिनिटांचं भाषण हाय राव."

"पडायला एक मिनिट बी लागत न्हाई," साडूभाऊ म्हणाले. विषय संपला.

मग खुर्च्या कुठं हलवायच्या? सावलीची जागा एकच उरली होती, लिंबाखाली, म्हणजे बरोबर मुलींच्या स्वच्छतागृहासमोर. मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात मॅडम आल्याच. सकाळपासून हा त्यांचा तिसरा कार्यक्रम होता. नारळ, हार झाल्यावर त्या बाईंच्या कानात काहीतरी म्हणाल्या, आणि बाईंनी नाइलाजानं समोर बोट केलं. मॅडम दाराशी पोचल्या, तर साडूभाऊ आडवे. "लाल टॅग हाय, मॅडम. वापर बंद."

ज्यांनी मांडव दिला, खुर्च्या दिल्या, त्यांनाच हा माणूस अडवून उभा. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माई तरातरा पुढे आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "व्हा बाजूला." तीस वर्षं कारखान्याच्या मालकाला न जुमानणारा इन्स्पेक्टर बाजूला झाला. आणि मग कुणी न सांगता सातवीतली एक मुलगी दोन वेण्या मागे टाकत पुढे गेली. "मॅडम, तुम्ही जा. मी दार धरते. आम्ही रोज असंच करतो."

मॅडम आत गेल्या. मुलगी दाराला पाठ लावून उभी राहिली, सवयीनं, समोर बघत. आम्ही सगळे पुरुष लिंबाच्या फांद्यांकडे बघत बसलो. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांनी त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. मग टॅग उलटून त्यावरचा दोष वाचला, सही वाचली. भाषणाचा कागद त्यांनी पर्समधून काढलाच नाही. "मी बोलायला आले होते," त्या म्हणाल्या, "पण आता आधी दाराचं बघते."

आणि त्यांनी बघितलं, हे मी मनापासून लिहितो, कारण सरकारी माणसांबद्दल चांगलं लिहायची संधी आम्हा कारकुनांना फार येत नाही. मॅडमनी दुसऱ्या कामातले उरलेले पैसे वळवले आणि महिन्याभरात स्थापत्य विभागानं कट्टा बांधला, भिंतीची ओल काढली, चौकटी बसवल्या. टाकी आणि दारं जत्रेच्या पैशांतून आली. कडी साडूभाऊंनी स्वतः निवडली. त्यासाठी दुकानदाराच्या एकवीस कड्या उघडूनमिटून बघितल्या. जुन्या दारावरचा लाल टॅग त्यांनी स्वतःच्या हातानं सोडला आणि नव्या दाराच्या कडीला बांधला.

मी म्हटलं, चला, आता हिरवा लावा. तर म्हणाले, "तीन महिने बिनतक्रार चाललं पायजे. मग." रोज मधल्या सुट्टीत ते शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे. आत जाता येत नव्हतं, म्हणून त्या दोन वेण्यांच्या मुलीला त्यांनी इन्स्पेक्टर नेमलं होतं. ती लांबूनच हात वर करून ओरडायची, "ओके, आजोबा." आणि हे वहीत खूण करून घरी जेवायला जायचे.

दोन महिने झाले आणि माईंचे गुडघे गेले. मुलगा नागपुरात असतो. तो आला आणि दोघांना घेऊन गेला. भोसरीची जागा भाड्यानं दिली. सामान टेंपोत चढताना साडूभाऊंनी प्रत्येक गाठ ओढून बघितली. जाताना मला म्हणाले, "महिन्यानं येतो. टॅग काढायचा राहिलाय."

त्याला दोन वर्षं झाली. दार दोनदा रंगवलं. रंगाऱ्यानं टॅगच्या दोरीभोवतीनं ब्रश फिरवला. लाल रंग उन्हानं विटून गुलाबी झाला. ती दोन वेण्यांची मुलगी आता हायस्कुलात नववीत आहे. ज्या दोघींची नावं काढली होती, त्यांतली एक पुढच्या जूनमध्ये परत आली. मुख्याध्यापिकाबाई मला मध्ये म्हणाल्या, "आता काढू या का हो तो? पाहुणे विचारतात." मी म्हटलं, नको. ज्यानं लावला त्यानंच काढायचा असतो.

खरं सांगायचं तर मला त्यांची फार आठवण येते. आमच्या घरात हल्ली कुठल्याच वस्तूला टॅग नाही आणि कुठल्याच वस्तूवर माझा विश्वास नाही. रविवारी त्यांचा फोन येतो. आवाज थोडा बारीक झालाय. नागपूरच्या मुलाचं घर सगळं नवं कोरं आहे, तिथं तपासायला काही नाही, अशी त्यांची तक्रार असते. मग इकडचं तिकडचं झालं, की शेवटी हळूच विचारतात, "पाव्हणं, कडी कशी हाय?"

कडी उत्तम आहे. एका बोटानं सरकते, टक्कन बसते. परवाच मी बाईंना विचारून खात्री करून घेतली होती.

"तशी बरी आहे," या रविवारी मी म्हटलं. "पण अलीकडे जरा अडकते म्हणतात मुली."

पलीकडे माईंना हाक मारल्याचं ऐकू आलं, आणि मग पुन्हा तो जुना, तीस वर्षं मशिनच्या गोंगाटावरून बोललेला आवाज. "कुणाला हात लावू देऊ नका. मलाच यावं लागंल."

"या," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय कोण बघणार?"