दुसऱ्याच्या दारातल्या फळ्या

पारोळ्याच्या बाजार समितीबाहेर चहा पिता पिता मी लोकांना तापीतल्या कासवाची गोष्ट सांगत होतो, ज्याच्या पाठीवर बसून मी एकदा भर पुरात पलीकडे गेलो होतो. कासव ऐन मध्यावर असताना धुळ्याच्या दवाखान्यातून रज्जाकभाईच्या मुलाचा फोन आला. "काका, अब्बा गेले." मी गप्प झालो. मला गप्प झालेलं त्या मंडळींनी जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे काहीतरी भयंकर घडलंय हे त्यांना न सांगताच कळलं...

रज्जाकभाई आमच्या गावचा वेल्डर. त्याचा हातोडा आमच्याकडे पडला की धुळ्यात चहाच्या बश्या खडखडायच्या. पण त्याचा जीव होता नाल्यावरच्या बंधाऱ्यात. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या नऊ गाळ्यांत एकावर एक लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवायचं. ते राहिलं, तर मार्चमध्ये आमच्या विहिरी अशा आटतात की बेडकं तांब्या घेऊन शेजारच्या गावी जातात. पूर्वी हे काम सगळ्यांचं, म्हणजे कोणाचंच नव्हतं. रज्जाकभाईनं भजनी मंडळ, मशिदीची कमिटी आणि सुशीलाअक्कांचा बचत गट असे तिघे गाठले, तीन-तीन गाळे वाटून दिले. वर एक इरसालपणा केला. मंडळाच्या फळ्या ठेवल्या मशिदीच्या आवारात, कमिटीच्या फळ्या अक्कांच्या शेडमध्ये आणि अक्कांच्या गटाच्या फळ्या मारुतीच्या देवळात. मी म्हटलं, "डोकं फिरलं का तुझं?" तर म्हणतो, "ज्यानी फळी त्याना घर ऱ्हायनी, ते कोन कोना घर जाई? मांगाले गये म्हणजे चहा बी व्हई." फळ्या मागायच्या निमित्तानं एकमेकांच्या दारी जाणं व्हावं, एवढाच त्याचा डाव. दरवर्षी पहिला मागायला निघायचा तो स्वतः, कमिटीच्या वतीनं. तो अक्कांच्या दारात गेला की बाकीचेही आपसूक निघायचे.

यंदा तो दवाखान्यात होता, आणि पहिलं कोणी जायचं हेच ठरेना. मंडळाचे नाना म्हणाले, "आधी अक्कांनी देवळात यावं." अक्का म्हणाल्या, "आधी कमिटीनं यावं." कमिटी म्हणाली, "नाना येऊ देत, मग बघू." पाणी दिवसाढवळ्या वाहून चाललं होतं आणि तिन्ही गट आपापल्या ओट्यावर मान सांभाळत बसले होते. हात जोडत तिन्ही दारांत फिरलो. पण माझं ऐकतो कोण? थापाड्या मी!

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा रज्जाकभाईनं तोंडावरचा मास्क खाली ओढला. "भाऊ, बंधारा भरना का?"

आयुष्यभर मी हौसेनं खोटं बोललो. त्या दिवशी पहिल्यांदा भीतीपोटी बोललो. "भरना ना! काठोकाठ. बठ्ठा गाव दखाले उना." सगळा गाव बघायला लोटलाय, असंही वर ठोकलं. एरवी माझ्या प्रत्येक गोष्टीवर तो हात उडवून म्हणायचा, "निम्मं कर." त्या दिवशी म्हणाला नाही. डोळे मिटून हसला... माझ्या एकाही गोष्टीवर त्या माणसानं कधी विश्वास ठेवला नव्हता. ठेवला तो नेमका हिच्यावर.

नमाजासाठी त्याला मशिदीत आणलं तेव्हा आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. भजनी मंडळ झाडून आलेलं, अक्का बायकांना घेऊन फाटकाशी उभ्या. भिंतीला मंडळाच्या फळ्या टेकलेल्या, रज्जाकभाईनं लाल रंग दिलेल्या. दफन करून सगळे मशिदीच्या आवारात परतले, पण घरी कोणी जाईना. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर बोलून गेलो, "मी त्याला सांगितलं, बंधारा भरला म्हणून. खोटं सांगितलं."

नाना भिंतीला टेकलेल्या फळ्यांपाशी गेले. मग म्हणाले, "मंग आते ते खरं करनं पडी." आणि सत्तरी उलटलेल्या त्या म्हाताऱ्यानं एका फळीचं टोक धरलं. दुसरं टोक कमिटीच्या अध्यक्षानं धरलं. अक्का फाटकातूनच ओरडल्या, "शेड उघडी शे, या!" कोणी कोणाकडे मागायचा प्रश्नच उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊच्या नऊ गाळे बंद झाले.

पण नाल्याचं मोठं पाणी तोवर निघून गेलं होतं. काठोकाठ यंदा काही होणार नाही.

आता मी रोज सकाळी बंधाऱ्यावर जातो, पाण्याखाली गेलेल्या फळ्या मोजतो, आणि येताना रज्जाकभाईच्या दुकानाच्या बंद शटरसमोर मोटरसायकल थांबवतो. इंजिन बंद करतो. "रज्जाकभाई," म्हणतो, "तीन फळ्या पाणी शे." चौथी म्हणायला जीभ वळवळते...

म्हणत नाही.